सुशी रेस्टॉरंटमध्ये मेन्यूत लिहिलेलाच मासा देतात की दुसराच, हे नुसतं बघून ओळखता येतं का?

थोडंफार येतं, सगळं नाही. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत आल्यापासून ऑल-यू-कॅन-ईट वाल्या ठिकाणी सुशी खाताय, व्हाइट टूना सगळ्यात जास्त आवडतो, आणि आता ऑफिसमधला एकजण म्हणतोय की तो टूनाच नसतो. बरोबर म्हणतोय तो, बहुतेक वेळा नसतोच.

आपण बाजारात मासा घेताना कल्ले उघडून बघतो, डोळे बघतो, बोटाने दाबून बघतो, पण सुशीत डोकं नाही, बहुतेक वेळा कातडंही नाही, भातावर नुसता एक पातळ काप, मग लहानपणापासून मासे खाल्लेला माणूससुद्धा गंडतो. ओशियाना नावाच्या संस्थेने 2010 ते 2012 मध्ये अमेरिकाभरातून हजारावर नमुने घेऊन डीएनए तपासले होते, त्यात सुशीच्या ठिकाणचे 74 टक्के नमुने चुकीच्या नावाने विकलेले निघाले, आणि व्हाइट टूना म्हणून घेतलेल्यातले 84 टक्के तर चक्क एस्कोलार.

हा एस्कोलार नीट समजून घ्या, कारण बाकीच्या फसवणुकीत बहुतेक वेळा फक्त पैसे जातात, इथे पोट जातं. या माशाच्या अंगात मेणासारखी चरबी भरपूर असते आणि ती माणसाला पचतच नाही, त्यामुळे जास्त खाल्लं की काही तासांनी (स्पष्टच लिहितो) नारिंगी तेल बाहेर पडतं आणि ते थांबवणं आपल्या हातात नसतं. शिजवून, तळूनही फरक पडत नाही. दोन तुकड्यांनी बऱ्याच जणांना काही होत नाही, पण ऑल-यू-कॅन-ईटला कोण दोनावर थांबतं? जपानमध्ये 1977 पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे, अमेरिकेत मात्र चालतो.

ओळखायला त्यातल्या त्यात हाच सोपा. खरा व्हाइट टूना म्हणजे अल्बाकोर, तो नावालाच व्हाइट, रंग फिकट गुलाबी किंवा बदामी असतो, मांस इतकं मऊ की काप सुटतो, पुष्कळदा कडा किंचित भाजलेल्या असतात. एस्कोलार पांढराशुभ्र, चकचकीत, तुपकट, तोंडात टाकला की विरघळतो, म्हणूनच तर सगळ्यांना आवडतो, चवीला भारी आहे हे मी नाकारत नाही.

दुसरा नंबर रेड स्नॅपरचा, म्हणजे आपल्या तांबोशीच्या जातकुळीतला. सुशीच्या मेन्यूत स्नॅपर लिहिलं की खाली तीन शक्यता, खरा स्नॅपर (हा क्वचितच), जपानी ताई, जो सी ब्रीम असतो आणि उत्तमच लागतो, किंवा मग तिलापिया, म्हणजे आपल्या उजनीच्या चिलापीचा भाऊबंद. तिलापियाच्या कापावर पांढऱ्या मांसाला लागून एकदम भडक लाल पट्टा दिसतो आणि चव जवळजवळ नसतेच. ताईचं मांस थोडं पारदर्शक, त्यात बारीक गुलाबी रेषा, चावायला घट्ट. खरा स्नॅपर आणि ताई कातडं काढून शेजारी ठेवले तर मला तरी फरक सांगता येणार नाही आणि जो छातीठोक सांगतो त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

हालिबटचं (हा एक मोठा चपटा मासा) तर सोडूनच द्या. लॉस एंजेलिसच्या सुशी रेस्टॉरंटांवर एक अभ्यास 2017 मध्ये आला होता, त्यात हालिबट म्हणून मागवलेला मासा एकदाही हालिबट निघाला नाही, बरेचदा फ्लाउंडर, म्हणजे दुसराच एक चपटा मासा, होता. जपानी हिरामे हा मुळात फ्लाउंडरच, मेन्यूत त्याला हालिबट लिहायची सवय पडलीय, प्रत्येक वेळी चोरीच असते असं नाही. त्याच अभ्यासात ब्लूफिन टूना मात्र दरवेळी ब्लूफिनच निघाला, आणि यलोफिन टूना मागवला की बऱ्याचदा बिगआय, म्हणजे टूनाचीच दुसरी जात!

लाल टूनाबद्दल एवढंच, की टरबुजासारखा एकसारखा गुलाबी-लाल दिसला तर त्याला कार्बन मोनॉक्साइड दिलेला असण्याची शक्यता धरा. त्याने मासा शिळा झाला तरी रंग उतरत नाही. युरोप आणि जपानमध्ये हे चालत नाही, अमेरिकेत चालतं. चांगल्या टूनाचा रंग जरा गडद, मरून कडे झुकणारा असतो. रोलवरची बारीक नारिंगी अंडी टोबिको (उडत्या माशाची अंडी) म्हणून दिली तरी दाण्याने एकदम लहान असतील आणि दाताखाली फारशी फुटत नसतील तर ती स्वस्तातली मासागो, म्हणजे दुसऱ्या एका माशाची अंडी, त्यात जिवाला काही होत नाही, खा.

स्वस्तातल्या ठिकाणी मी सॅल्मन आणि साबा (म्हणजे मॅकरेल, आपल्या बांगड्याचा भाऊबंद) घेतो. सॅल्मनमध्ये घोळ तुलनेने कमी सापडलाय, आणि साबा कातड्यासकट देतात, पाठीवरची निळसर नागमोडी नक्षी समोर दिसते, तिथे फसवणार कसं.

व्हाइट टूना सोडवत नसेल तर मागवण्याआधी सरळ विचारा, अल्बाकोर आहे की एस्कोलार. वेटरला माहीत नसतं, काउंटरमागे जो मासा कापतोय त्याला विचारा, बहुतेक जण खरं सांगतात. आणि मेन्यूत सुपर व्हाइट टूना लिहिलं असेल तर विचारत बसू नका, एस्कोलारच समजा.