नववीच्या मुलाला 'आपल्या परिसराचा इतिहास' हा प्रकल्प दिलाय, सोलापूरवर नेटवर धड काही मिळत नाही, तयार प्रकल्प कुठे मिळेल?

मिळेल की. माझ्याच दुकानात मिळेल ताई. शाळेजवळ माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली, आणि कॉम्प्युटरमध्ये 'इतिहास प्रोजेक्ट' नावाचं एक फोल्डरच पडलंय, पोरं व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात ती तिथं साठत जाते, पुढच्या वर्षी दुसरं पोरगं येतं आणि म्हणतं काका ते रायगडवालं काढा. बारा पानं, कव्हर कलर, बाकी ब्लॅक अँड व्हाइट, स्पायरल केलं की झालं. मागे एका वर्षी एकाच वर्गातल्या पोरांना मी तीच फाइल काढून दिली आणि चार-पाच जणांच्या लक्षातच आलं नाही की ऋणनिर्देशाच्या पानावर भलत्याच जिल्ह्यातल्या कुठल्यातरी मुलीचं नाव तसंच राहिलंय. सरांच्या पण लक्षात आलं नाही बहुतेक, कारण एकही पोरगं ते दुरुस्त करायला परत आलं नाही.

म्हणजे धंद्याच्या दृष्टीनं मी तुम्हाला म्हणायला पाहिजे की या, घेऊन जा. पण तुमच्या प्रश्नात विषय 'आपल्या परिसराचा' असा आहे, आणि त्याचं तयार काही मिळत नाही हे खरं तर बरंच झालंय. (आता पोरं एआयकडनं पण लिहून घेतात. गेल्या महिन्यात एकानं आणलेल्या प्रिंटमध्ये सोलापूरचा भुईकोट किल्ला शिवाजी महाराजांनी बांधला असं होतं. अरे बाबा, तो बहमनी काळातला, महाराजांच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आणि त्याची खरी गोष्ट किती भारी आहे बघा, निजामशाही आणि आदिलशाही त्या किल्ल्यावरनं पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते आणि चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात दिला! हे सोडून पोरगं भलतंच छापून घ्यायलंय.)

माझ्या पोरीला तीन वर्षांपूर्वी हाच विषय होता, तेव्हा जे केलं ते सांगतो, तुम्हाला त्यातलं जमेल ते घ्या.

आधी पुस्तक उघडून बघा. नववीचं इतिहासाचं पुस्तक हे बहुतेक १९६० नंतरच्या भारताचं आहे. म्हणजे काय, तर तुमच्या सासू-सासऱ्यांचं, आईवडिलांचं अख्खं आयुष्य त्या पुस्तकात बसतंय. आणि पहिलाच धडा इतिहासाच्या साधनांचा, लिखित, भौतिक, मौखिक, दृक-श्राव्य वगैरे. पोरं ते चार शब्द पाठ करतात आणि सोडून देतात. माझी पोरगी पण पाठच करत बसली होती आणि समोर कॉटवर माझे वडील, आप्पा, कडक भाकरी शेंगा चटणीत बुडवून खात बसलेले, तीस वर्षं कापड मिलच्या साळखात्यात (म्हणजे विणकाम खात्यात) काढलेला माणूस. मी म्हटलं हे बघ तुझं मौखिक साधन, चटणी संपायच्या आत विचारून घे.

पहिल्या दिवशी काहीच मिळालं नाही. का, तर तिनं विचारलं, "आप्पा, मिलमधलं जीवन कसं होतं?" आप्पा म्हणाले, "बरं होतं." झालं, प्रोजेक्ट संपला. मग मी तिला म्हटलं असं नाही, भोंग्याचं विचार. पहिल्या पाळीचा भोंगा वाजायच्या आधी घरात कोण उठायचं, डबा कोण बांधायचं, डब्यात काय असायचं, पहिला पगार किती आणि तो कुणाच्या हातात दिला. दोन तास थांबले नाहीत मग ते. सांच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजानं बोलणं ऐकू यायचं नाही म्हणून हातवाऱ्यांनी आणि ओठ बघून कसे बोलायचे, गैरहजर माणसाच्या जागी लागणारे बदली कामगार गेटावर कसे थांबायचे, शेजारच्या सांच्यावर तेलुगू बोलणारा, पलीकडे कानडी, जॉबर (मुकादम) मराठी, आणि शिव्या मात्र तिन्ही भाषेतल्या सगळ्यांना येत होत्या. (शिव्या प्रोजेक्टमधे घातल्या नाहीत.) शेवटी ट्रंकेतनं त्यांनी नंबर कोरलेला पितळी बिल्ला काढून दाखवला, मी त्यांचा मुलगा, मी पण तो पहिल्यांदा बघितला. हे झालं भौतिक साधन.

आता खरी मजा इथं आली. आप्पांना साल आठवत नाही, कुठल्याच म्हाताऱ्या माणसाला आठवत नाही, आणि आठवतं ते बऱ्याचदा चुकतं. ते म्हणाले चाळ आपण ८८ साली सोडली. माझी आत्या तिथंच बसलेली, ती म्हणाली, "भूकंपाच्या रात्री आपण चाळीतच होतो की, सगळी चाळ मैदानात पळाली, नुकतंच गणपतीचं विसर्जन झालेलं." आता किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे चारच्या सुमाराचा, सोलापूरला चांगलाच हादरा बसला होता. म्हणजे ८८ साली चाळ सोडली हे चूक. पोरीनं दोन्ही लिहिलं, आजोबा काय म्हणाले, आत्या काय म्हणाली, आणि कुणाचं बरोबर असावं आणि का. सरांनी अख्ख्या वहीत त्याच एका पानावर खूण केली होती. तुम्ही पण असंच करा, साल विचारू नका, ७२ च्या दुष्काळाच्या आधी का नंतर, आणीबाणीच्या वेळी तुम्ही कुठं होता, भूकंपाच्या वेळी धाकटा झाला होता का, असं विचारा, साल आपोआप निघतं.

घरात मिलवालं कुणी नसेल तर अडायचं कारण नाही. सोलापूरची पहिली मिल, जिला सगळे जुनी मिल म्हणतात, ती १८७७ ची, त्यानंतर एकेक करत बऱ्याच झाल्या आणि एकेक करत बंद पडल्या, त्यामुळं तुमच्या गल्लीत कुणी ना कुणी सापडेलच. नाहीतर पूर्व भागात जा. दुकानात एक पोरगी यायची, तिची आजी विड्या वळायची, तिनं त्याच्यावरच केला प्रोजेक्ट. पान भिजवून कापायचं कसं, दिवसाला हजार विड्या वळायला किती तास लागतात, आणि ब्रँचला (विड्या जमा करतात तिथं) माल दिला की वाईट म्हणून बाजूला काढतात ती छाट, तिचे पैसे मिळत नाहीत, हे सगळं आजीच्या तोंडचं. हे लोक राहायचे कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत, २००६ मध्ये घरं मिळाली, देशात एवढी मोठी कामगार वसाहत क्वचित असेल. मी तिला विचारलं गोदूताई कोण गं, तर माहीत नाही. जन्मापासनं पत्त्यात ते नाव लिहितेय! वारली आदिवासींचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा करणारी बाई ती, १९४५ च्या सुमाराची गोष्ट. मग तिनं शेवटचं पान त्यावर लिहिलं.

मुलगा घरच्यांशी बोलायला लाजत असेल (नववीतली पोरं, काय सांगायचं) तर दुसरा उद्योग सांगतो, याला वही-पेन आणि एक संध्याकाळ एवढंच लागतं. चार पुतळ्याजवळ उभं राहायचं. हुतात्मा चौक म्हणा, चार पुतळे म्हणा, आपण रोज तिथनं जातो, कुणाला भेटायचं तर 'चार पुतळ्यापाशी थांब' म्हणतो. तिथं येणाऱ्याजाणाऱ्या वीस जणांना विचारायचं, हे चौघं कोण, नावं सांगा. उत्तरं जशीच्या तशी लिहायची. मी स्वतः दुकानात गिऱ्हाइकांना विचारून बघितलंय, चारही नावं सांगणारा फार क्वचित भेटतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याला चौघांना फाशी दिलं. कुर्बान हुसेन तर विशीतलं पोरगं, गझनफर नावाचं वर्तमानपत्र चालवायचं.

याची मागची गोष्ट आठवीच्या पुस्तकात पण आहे, सविनय कायदेभंगाच्या धड्यात, चारपाच ओळींत उरकलीय. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली, गावात हरताळ, मिल कामगार रस्त्यावर, ८ मे ला गोळीबार, त्यात शंकर शिवदारे गेले, पुढं इंग्रज अधिकारी गाव सोडून स्टेशनकडं जाऊन बसले आणि १२ मे ला मार्शल लॉ लागला तो ३० जूनपर्यंत, गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. मधले दिवस गावाचा कारभार लोकांनीच चालवला. आता ते दिवस तीन का चार, यावर प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं सापडेल, कुणी ९ पासून धरतं कुणी ८ पासून. मुलाला सांगा, तीन ठिकाणचं उतरवून एकाखाली एक मांड आणि फरक का पडला ते तुझ्या शब्दात दोन ओळी लिही. हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसला तर यावर पुस्तकं मिळतील, आणि इंग्रजी वाचता येत असेल तर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटिअर नेटवर फुकट आहे, त्यात तेव्हाच्या पेठा, बाजार, हातमाग सगळं आहे. 'नेटवर काही नाही' असं तुम्ही म्हणता ते मराठीत रेडिमेड नाही एवढंच खरंय.

गाडी असेल आणि रविवार मोकळा असेल तर हत्तरसंग कुडलला घेऊन जा, विजापूर रोडनं, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या देवळात शके ९४० चा लेख आहे, त्यात शेवटी मराठीत एक ओळ, 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. शकात ७८ मिळवले की इसवी सन, म्हणजे १०१८. आपल्या वेळी पहिलं मराठी वाक्य म्हणून श्रवणबेळगोळचं 'श्री चावुण्डराजे करवियले' घोकून घेतलं होतं, आठवतंय ना? आता सगळ्यात जुना लेख कुठला यावर अभ्यासक वाद घालतात, घालू द्या, पण आपल्या जिल्ह्यात दगडावर हजार वर्षांपूर्वीचं मराठी आहे आणि ते बोटानं दाखवता येतं हे नववीतल्या पोराला बघू दे. माझी पोरगी ती ओळ बघून म्हणाली, पप्पा हे तर अभ्यास कर म्हणून सांगायलेत.

खर्चाचं बोलायचं तर लोक इथंच फसतात. थर्माकोलचा किल्ला करून द्या म्हणून अजून येतात, थर्माकोलवर बंदी आलीय हे पण माहीत नसतं, मग सनबोर्ड घ्या, रंग घ्या, तीनचारशे रुपये जातात आणि किल्ला शाळेच्या कपाटावर धूळ खातो. माझ्या पोरीचा अख्खा प्रोजेक्ट नव्वद रुपयांत झाला, त्यातलं निम्मं घरचं दुकान म्हणून म्हणा. हातानं लिहायला लावा, टाइप करू नका. नकाशा पण हातानं, घरापासनं मिलच्या गेटापर्यंत आप्पा कुठल्या रस्त्यानं जायचे एवढाच, वाटेत काय होतं आणि आता काय आहे. कुणाशी बोललात, कधी, कुठं बसून, ते शेवटी लिहा.

मार्क वाढतील असं मात्र मी सांगत नाही. पोरीला पहिल्यांदा परत पाठवलं होतं, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका नाही म्हणून. सरांची पण काय चूक, साठ-सत्तर वह्या, त्यात परीक्षेची कामं, ते आधी कव्हर आणि ठरलेली पानं बघणार. म्हणून ती पानं ठेवाच, उगाच हट्ट नको, पान-पान लिहून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. बाकीच्या पोरांना तिच्याएवढेच मार्क मिळाले, एकाला तर जास्त, त्याचं कव्हर कलर होतं.

आणि एक हात जोडून सांगणं. घरात काही जुनं सापडलं, पगाराची चिठ्ठी, रेशनकार्ड, मिलचं पासबुक, फोटो, तर ते प्रोजेक्टला चिकटवू नका आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. आठवड्याला एक तरी माणूस असा कागद घेऊन येतो, म्हणतो टिकेल म्हणून करून द्या, आणि मी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जाऊन करून घेतो. एकदा गरम रोलरमधनं गेला की तो कागद परत कधी सुटा होत नाही, शाई पसरते ती वेगळीच. जुना फोटो मशीनवर दाबायची पण गरज नाही, खिडकीपाशी उजेडात ठेवून मोबाईलनं वरनं सरळ फोटो काढा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे फुटत नाही, कुठल्याही दुकानात दहा रुपयांत प्रिंट निघते. फक्त शाळा सुटायच्या वेळेला जाऊ नका, तेव्हा आम्हाला डोकं वर करायला फुरसत नसते.