मे महिन्यात बेळगावहून दोन दिवसांत सिंधुदुर्ग जिल्हा फिरायचा आहे. किल्ला, देवळं आणि एखादी जत्रा जमेल का?

दोन दिवसांत जमतंय की! पण मे नको. आंबे मिळतील, पण जत्रांचा हंगाम उलटलेला असतो. जून तर नकोच. मी एकदा पहिल्या पावसात आंबोली बघत मालवण गाठलं. समोर किल्ला, आणि होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या! पावसाळ्यात किल्ल्याची वाहतूक बंद असते, हे आम्हा घाटावरच्यांच्या डोक्यातच येत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेनंतर जावा. शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असा आपला जुना वेंगुर्ला रोडच धरायचा. त्या सुमारास सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा असते, मग गावोगाव जत्रांची रांगच लागते. कुणकेश्वरची महाशिवरात्रीला. आंगणेवाडीची तारीख मात्र कॅलेंडरात शोधू नका, ती देवीचा कौल घेऊन ठरते. पण पहिल्यांदाच जाताय तर तिथल्या गर्दीत शिरू नका, एखाद्या लहान गावाची जत्रा गाठा.

मालवणात सकाळच्या पहिल्या होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावा. 1664 साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठाय ते कळत नाही, दोन बुरुजांच्या आड लपवलाय. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे, तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची. चुन्यात उमटलेले हाताचे-पायाचे ठसे सगळेच दाखवतात. मला अप्रूप दूधबाव, साखरबाव, दहीबाव या विहिरींचं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे ह्या गोड्या पाण्याच्या! होडीवाले तासाभरात परत बोलावतात. जास्त वेळ हवा असेल तर चढण्याआधीच बोलून ठेवा. विजयदुर्ग या फेरीत कोंबू नका, तो पार देवगड तालुक्याच्या टोकाला आहे.

रात्री जत्रेत दशावतार. नाटक सुरू व्हायच्या आधी नट रंगायला बसतात तिथे जरा डोकवा. पेटाऱ्याच्या झाकणाला आरसा टेकवून एखादा मिशीवाला बाप्या स्वतःच्या हाताने कुंकू रेखतो, नऊवारी नेसतो, आणि पेटी-मृदंग सुरू झाला की राणी होऊन बाहेर येतो. संवाद लिहिलेले नसतात, सगळं तिथल्या तिथे. गुळाचा खाजा चघळत पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत बसा.

आणि तसंच जागरण अंगावर घेऊन आंबोली घाट चढू नका. सावंतवाडीत खोली घेऊन दुपारपर्यंत झोपा, मग निघा.