हाकोदातेला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचा

हाकोदाते म्हणजे जपानच्या होक्काइदो बेटावरचं बंदराचं शहर. टोकियोवरून शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, येणार असाल तर ती शहरात येत नाही हे आधी लक्षात घ्या, शिन-हाकोदाते-होकुतो स्टेशनला उतरून लोकल पकडायची, साधारण वीस मिनिटं. हॉटेल शक्यतो हाकोदाते स्टेशनजवळच घ्या कारण सकाळचा मासळीबाजार अगदी लागून आहे आणि तिथे लवकरच जायला हवं. टाकीतला जिवंत स्क्विड तुम्ही स्वतः गळाने पकडायचा आणि तिथला माणूस तो डोळ्यांसमोर साफ करून पातळ कापून देतो, मांस काचेसारखं पारदर्शक असतं, सोया सॉस आणि आलं लावून लगेच खा. शाकाहारी असाल तर मात्र नीट विचारून खा, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही माशाचा स्टॉक असतो.

संध्याकाळी हाकोदाते डोंगरावर रोपवेने जायचंच. फक्त ३३४ मीटर उंची, पण दोन्ही बाजूंना समुद्र आणि मधे चिंचोळं शहर उजळत जातं, ते बघायला सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोचा, नंतर कठड्याजवळ जागा मिळत नाही, आणि जॅकेट घ्याच, वारा फार बोचरा असतो.

शॉपिंगला बंदरावरची लाल विटांची कानेमोरी गोदामं छान आहेत, पासपोर्ट जवळ ठेवा, टॅक्स-फ्रीला लागतो. आणि एप्रिल संपता संपता गेलात तर ट्रामने गोर्योकाकुला जा, चांदणीच्या आकाराच्या त्या किल्ल्यात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, तेव्हा फुलतो.