सोरायसिस आहे हे लग्नाआधी सांगावं का? आणि मेथोट्रेक्सेटची भीती वाटते, काय करू?

सांग. बोलणी पुढं जायच्या आधी सांग, आणि जमलं तर तू स्वतःच्या तोंडानं सांग.

तू लिहिलंयस की खानापूरकडचं स्थळ आलंय, घरचे म्हणतात "अंगभर कपडे घाल आणि गप्प बस", डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट सुरू केलीय आणि गल्लीतल्या कुणीतरी "ती कॅन्सरची गोळी आहे" म्हणून तुला घाबरवलंय. शिवाय हे कधी मुळासकट जाणार का, असंही विचारलंयस. वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी बेळगावात शहापूरला राहते, साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. कॉलेजात होते तेव्हापासून कोपरांवर, डोक्यात आणि तळहातांवर सोरायसिस आहे. मी डॉक्टर नाही. इतकी वर्षं याच्यासोबत राहून आणि डॉक्टरांना विचारून विचारून जे कळलं ते सांगते.

आधी गोळीचं बोलू, कारण सांगायचं की नाही याचं निम्मं उत्तर त्या गोळीतच आहे.

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं. पण तिथले डोस कितीतरी मोठे असतात. सोरायसिसला ती आठवड्यातून एकदाच, थोड्या मिलिग्रॅमची देतात. आपल्या त्वचेचा वरचा थर एरवी साधारण महिन्याभरात नवा होतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच चुकीचा इशारा देत राहते आणि हे काम तीन-चार दिवसांत उरकायला लागतं, म्हणून पापुद्र्यावर पापुद्रा चढतो. ही गोळी तो इशारा दाबते. रक्त खराब असल्यानं हे होतं, असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

भ्यायचंच असेल तर एका गोष्टीला भी: ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. तोंड सोलून निघतं, रक्तातल्या पेशी घटतात. आपल्या भागात तर चिठ्ठी इंग्रजीत, औषधवाला कन्नडमध्ये "वारक्कोम्मे" म्हणजे आठवड्यातून एकदा असं सांगणार, आणि घरी गोळ्या काढून देणारी आई मराठी. म्हणून पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत वार लिहून ठेव. माझा रविवार आहे, रात्री जेवणानंतर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्या रविवारांना लाल गोल करते आणि गोळी घेतली की त्यावर काट मारते. फॉलिक ॲसिडची गोळी वेगळ्या दिवशी, डॉक्टर सांगतील तशी. यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी सुरुवातीला वरचेवर, मग काही महिन्यांनी एकदा. ती चुकवायची नाही. ताप-खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलीस तरी "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे पहिलं वाक्य असू दे, कारण काही अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्यांशी तिचं जमत नाही. दुसऱ्या दिवशी मळमळ होऊ शकते. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, कधी त्याहून जास्त. पंधरा दिवसांत "काहीच होईना" म्हणून सोडून देणारे मी बरेच बघितलेत.

आता लग्नाचं. ही गोळी चालू असताना गरोदर राहायचं नाही. पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकतं, गर्भपात होऊ शकतो. मूल हवं असेल तर काही महिने आधीच ती थांबवावी लागते. किती, ते डॉक्टर ठरवतात. सोरायसिसवरच ॲसिट्रेटिन नावाची दुसरी गोळी आहे, तिच्यानंतर तर बायकांना तीन वर्षं थांबायला सांगतात. आता तूच विचार कर. लग्न झालं की दुसऱ्या महिन्यापासून "काही विशेष?" असं विचारणारं आपलं गोत. त्यात नवऱ्याला गोळीचं माहीत नसेल तर तू एकटीनं कुणाला काय सांगणार? तो रोग तुझा आहे म्हणून नाही, तर मूल दोघांचं असणार म्हणून त्याला कळायला हवं. गोळी थांबवल्यावरही मार्ग असतात. नॅरोबँड यूव्हीबी ही प्रकाशाची थेरपी गरोदरपणातही सुरक्षित मानतात. आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं, गॉगल लावून दिव्यांच्या कपाटात थोडा वेळ उभं राहायचं. एसटी पकडून खानापूरहून बेळगावला इतक्या वेळा येणं पावसाळ्यात सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर घरचं माणूस सोबतीला हवं.

"स्थळ मोडलं तर?" मोडू शकतं. माझं एक मोडलं. बाबांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं आणि पुन्हा त्यांचा फोन आला नाही. फार लागलं होतं, अजूनही आठवलं की वाईट वाटतं. पुढच्या स्थळाच्या बाईंनी माझे तळहात हातात घेऊन, उलटे-पालटे करून बघितले आणि विचारलं, "भाकऱ्या बडवताना आग होत असंल की गं?" होते म्हटलं, गरम पाण्याचं पीठ भेगांत जातं. त्या आता माझ्या सासूबाई आहेत. रविवारी रात्री गोळीची आठवण त्याच करतात. त्यांच्याच घरातल्या एका काकींनी सुरुवातीला माझा टॉवेल वेगळा ठेवायला सांगितला होता. घरच्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं तेव्हा थांबल्या. तुझ्याकडंही असं कुणीतरी निघेल. सोरायसिस लागत नाही. हात मिळवून नाही, एका ताटात जेवून नाही, एका अंथरुणात झोपून नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरावच केलाय, त्यात हा आजार दीर्घकाळ चालणारा आणि असंसर्गजन्य असल्याचं स्पष्ट म्हटलंय. मुलांमध्ये येऊ शकतो, तेही लपवू नकोस. पण आईला आहे म्हणून प्रत्येक मुलाला होतोच असं नाही, बहुतेकांना होत नाही.

मुळासकट जातो का? नाही. आजच्या घडीला असं औषध नाही. पण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं त्वचा स्वच्छ राहते. "गॅरंटीनं बरा करतो" म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. आमच्या ओळखीतल्या एका माणसानं घटकांचं नाव-गाव नसलेली पुडी घेतली. आठवड्यात अंग लख्ख झालं, पुडी संपली आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल होऊन, थंडीनं कुडकुडत तो ॲडमिट झाला. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं असं डॉक्टर म्हणाले. पोटात घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद झालं की सोरायसिस असाच उसळतो. मेडिकलमधून गजकर्णाची म्हणून मिळणारी ट्यूबही स्वतःहून चोपडू नकोस, त्यातही बरेचदा स्टिरॉइड असतंच. सौंदत्तीला जोगळभावीत आंघोळ करून ये असं तुझी आजी म्हणते ना? जा की. रेणुकेचा त्वचारोग तिथंच गेला अशी आपल्याकडं श्रद्धा आहे, आणि मीही यल्लम्माच्या डोंगरावर जाते. फक्त गोळीचा वार चुकवू नकोस आणि तिथं अंग घासू नकोस.

घासण्याचं नीट लक्षात घे, कारण डॉक्टर ते घाईत सांगतात. जिथं त्वचेला इजा होते, तिथं सोरायसिस नवा उगवतो. माझ्या कमरेवर परकराच्या नाडीची जागा असते ना, बरोबर तिथं एक लाल रेघ आली होती, नाडीइतकीच रुंद. नाडी काढून रुंद, सैल पट्टा शिवून घेतला, तेव्हा ती हळूहळू उतरली. घट्ट बांगड्या, ब्लाऊजचा काच, टाचा घासायची वजरी, सगळ्याचं तेच. पापुद्रे नखानं काढू नकोस, खालून रक्ताचे बारीक ठिपके येतात. आंघोळ कोमट पाण्यानं, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल. बेळगावच्या थंडीत मी दिवसातून तीनदा लावते. लग्नात हळदीचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण येईल. गालाला आणि पायाला बोट लावून घे, उटण्यानं अंग चोळू देऊ नकोस; आत्याला किंवा मावशीला आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐन वेळी मांडवात कुणी हात धरून ओढणार नाही.

मनाचं म्हणशील तर, दुकानात एका बाईनं मी उलगडलेली इरकल बाजूला सारली आणि "न हाताळलेली दाखवा" म्हणाली. मी म्हटलं, "ताई, सोरायसिस आहे, लागत नाही." तरी तिनं दुसरीच घेतली. तरीही मी प्रत्येक वेळी नाव घेऊन सांगते, कारण न सांगता दिवसभर हात पदराखाली लपवले की रात्री झोप लागत नाही, आणि ताणानं चट्टे वाढतात. सतत रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर तेही त्वचेच्या डॉक्टरांना सांग. सोरायसिससोबत नैराश्य येतं हे त्यांना माहीत असतं. सरकारचा टेली-मानस नंबर १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि एक. सकाळी उठल्यावर बोटं किंवा टाचा आखडत असतील, एखादं बोट सुजत असेल, नखांवर बारीक खड्डे पडले असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, लगेच दाखव. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, आणि एकदा सांधा झिजला की परत पहिल्यासारखा होत नाही. केएलई असो की बिम्सचं सरकारी इस्पितळ, त्वचाविभागात गेलीस की सांधे दुखतात हे आपणहून सांग, ते विचारतीलच असं नाही.