आधी ते हॉल तिकीट तिच्या हातात द्या

तुमची मुलगी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला आरोग्य संशोधनातल्या क्लस्टर चाचण्यांवर, म्हणजे सुट्या माणसांऐवजी अख्ख्या गटांवर उपचार तपासणाऱ्या चाचण्यांवर, काम करायचंय आणि 'तिला बँकेकडे कसं वळवू?' असं तुम्ही विचारलंय. इथवर ठीक. पण बँकेच्या परीक्षेचा फॉर्म तुम्ही तिला न सांगता भरलात आणि तिच्या मॅडमना फोन करून 'तिला समजवा' म्हणालात, हे वाचून मला काळजी वाटली. ती हल्ली जेवताना बोलत नाही, असंही तुम्हीच लिहिलंय. त्याचं खापर तुम्ही तिच्या विषयावर फोडताय. मला त्याचं कारण त्या फॉर्ममध्ये दिसतं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीच्या पाठीमागे तिचं आयुष्य ठरवणं चूक आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

'माणसं जास्त घेतली की अभ्यास पक्का, त्यात शिकायचं काय?' हे तुमचं वाक्यही तिला लागलं असणार. शिवाय ते बरोबर नाही. या चाचण्यांत उपचार कुणाला द्यायचा याची चिठ्ठी अख्ख्या गावाच्या नावाची निघते. एका गावातले लोक एकच पाणी पितात, एकाच उपकेंद्रात जातात, म्हणून त्यांची माहितीही एकमेकांसारखी येते. हे साम्य शून्य ते एकच्या मापावर नुसतं ०.०५ धरलं, तरी २० गावांतल्या प्रत्येकी १०० जणांचं, म्हणजे २००० माणसांचं वजन सुमारे ३३६ सुट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांइतकंच भरतं. त्याच गावांतून ४००० माणसं घ्या, आकडा ३६५ वर अडतो. तीच ४००० माणसं ४० गावांतून घेतली, तर ६७२. खर्च, गावं, माणसं यांचा मेळ कुठल्या रचनेत उत्तम बसतो, हे तुमची मुलगी शोधू पाहतेय. पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात १९८६ पासून हिपॅटायटिस-बीची लस भागाभागानं, टप्प्याटप्प्यानं दिली गेली, तीही अशीच एक रचना.

तुम्ही बार्शीचे, म्हणून जवळचं सांगतो. १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गावांचे ५२ गट पाडून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियलबरोबर तुमच्या गावचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होतं. सव्वा लाखाहून जास्त बायका. या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच देऊ केलेल्या गटात आठ वर्षांत त्याचे ३४ मृत्यू झाले, तुलनेच्या गटात ६४. गट किती आणि केवढे, हा हिशोब आधी कुणीतरी नीट केला होता, म्हणून या फरकावर विश्वास ठेवता येतो.

बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे आरोग्याच्या अभ्यासांसाठीचं संख्याशास्त्र, मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत आणि वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयात शिकता येतं. सरकारी नोकरीच हवी, तर यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस तिच्याच विषयाची आहे.

संशोधनात सुरुवातीच्या नोकऱ्या बऱ्याचदा प्रोजेक्टपुरत्या, कराराच्या असतात. तुमची ही भीती खरी आहे आणि ती तिच्यासमोर बोलून दाखवायला हवी. हॉल तिकीट आलं की तिच्या हातात द्या, परीक्षेला बसायचं की नाही ते तिला ठरवू द्या. तुम्ही मला लिहिलेलं पत्रही तिला दाखवा. यापुढचं तिनं स्वतः लिहावं, मी तिला सविस्तर उत्तर देईन.