जीप जरूर बांधा, पण कर्जावर नको

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका वाचकाचं पत्र समोर आहे. वय ४२, पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार ८२,००० रुपये. अंगणात निंबाखाली बाबांची १९९४ ची महिंद्रा एमएम ५४० जीप उभी आहे. बाबा २०२० मध्ये गेले, तेव्हापासून तिला कुणी सेल्फ मारलेला नाही. आता ती घरीच खोलायची, पत्राकाम-रंग करायचा, स्प्रिंगचे पाटे उंच करायचे, मोठे टायर आणि विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावायची, बोलेरोचं इंजिन बसवायचं आणि पुढच्या पावसाळ्यात जवळच्या डोंगराळ चोरलला न्यायची असा बेत आहे. खर्च चार लाख. त्यातले तीन लाख पर्सनल लोनचे, एक लाख एफडी मोडून. हप्ता बसावा म्हणून मुलीच्या नावाने चाललेली १२,००० ची एसआयपी तीन वर्षं थांबवायची. शेवटी लिहिलंय, ‘नवी थार पंधरा लाखांच्या घरात जाते, म्हणजे मी अकरा लाख वाचवतोय. बायकोला पटत नाही. तुम्हीच सांगा.’

सांगतो. आधी ते अकरा लाख बाजूला ठेवू. थार घ्यायचा विचार तुमच्या मनात कधी नव्हताच, तेव्हा तिच्यातून काही वाचतही नाही. ही चार लाखांची हौस आहे, आणि हौस असणं काही गुन्हा नाही. फक्त तिला बचत म्हणू नका, नाहीतर हिशोब तिथूनच घसरतो.

आता तुमचेच आकडे बघू. घराचा हप्ता २३,५००, घरखर्च ३८,०००, एसआयपी १२,०००. उरतात ८,५००. बँकेने १४ टक्के सांगितलेत, तर तीन लाखांचा तीन वर्षांचा हप्ता साधारण १०,२५० येतो. म्हणजे एसआयपीला हात लावल्याशिवाय तो बसतच नाही. मुलगी यंदा दहावीत आहे. तीन वर्षांनी, म्हणजे कर्ज फिटेल त्याच सुमारास, तिच्या कॉलेजची फी भरायची असेल आणि खात्यात ४,३२,००० रुपये कमी असतील, तेही नुसती मुद्दल धरून. एफडीचं म्हणाल तर बचत खात्यातले १,६०,००० आणि एफडीचे २ लाख मिळून ३,६०,००० होतात. हप्ता आणि घरखर्च धरून सहा महिन्यांना ३,६९,००० लागतात. तुम्ही ज्याला ‘पडून असलेला पैसा’ म्हणता तो नोकरीत काही झालं तर घर चालवायचा पैसा आहे, आणि तोही नऊ हजारांनी कमीच पडतो.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कर्ज एका दिवसात हातात येतं आणि हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो. घरी बांधायची गाडी मात्र रविवारी पुढे सरकते, तेही त्या रविवारी लग्न, वास्तुशांत किंवा सासरची मंडळी नसतील तर. पहिले पाच-सहा महिने नुसते खोलण्यात आणि गंज खरवडण्यात जातील. त्यात फार खर्च नाही, पण खात्यात तीन लाख पडलेले असतात. मग माणूस काय करतो? टायर घेतो. विंच घेतो. कारण ते दिसतं, आणि हात शिवशिवत असतात. ते टायर दीड वर्ष भिंतीला टेकून उभे राहतात, रबराचं वय वाढत राहतं, आणि ज्या दिवशी चेसिसला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, गंजाची कीड निघते त्या दिवशी वेल्डरला द्यायला पैसे नसतात. एक हिशोब सांगतो, जरा बोचेल. त्या कर्जाचं तीन वर्षांचं व्याज सुमारे ६९,००० होतं. तुमच्या यादीत टायर आणि रिमा ७०,००० ला आहेत.

(मी हे शहाणपण पुस्तकातून शिकलेलो नाही. माझी स्वतःची एक जुनी स्कूटर सहा वर्षं दोन पोत्यांत होती. बोल्ट शेवेच्या रिकाम्या बरण्यांत भरले होते आणि बरण्यांवर काही लिहिलं नव्हतं. तुम्ही लिहा.)

यादीत एक ओळ मला दिसलीच नाही, ती कागदपत्रांची. इंजिन ९०,०००, टायर ७०,०००, विंच ४५,०००, पाटे ४०,०००, पत्रा-रंग ८०,००० आणि ‘इतर’ ७५,०००. पण आरसी, म्हणजे नोंदणीचं प्रमाणपत्र, अजून बाबांच्या नावावर आहे आणि तिची मुदत २०१९ मध्येच संपली. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीची ही फी १०,००० आहे, वर उशिराचे महिन्याला ५००. तुमच्या बाबतीत हा दंडच ३०,००० च्या पुढे जाऊ शकतो. आरटीओत जाऊन नेमका आकडा लिहून आणा. नाव बदलण्याचा अर्ज मालक गेल्यावर तीन महिन्यांत करायचा असतो, फॉर्म ३१ वर. तो उशीर झालाच आहे. शिवाय वारस तुम्ही एकटे नाही, भोपाळच्या ताईंचं संमतीपत्रही लागेल.

नूतनीकरणाआधी गाडी तपासली जाते, म्हणजे ती चालती लागते आणि कागदावर आहे तशीच लागते. तुमचा क्रम इथेच उलटा झालाय. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठणकावून सांगितलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने असा प्रत्येक बदल ५,००० रुपये दंडाचा किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा, किंवा दोन्हीचा झाला. पुढचा लोखंडी बुल बार तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा म्हणून कळवला होता, तेव्हा विंच कशावर बसवणार तेही विचारात घ्या. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, इंजिन नंतर. परवानगी मिळाली नाही तर ९०,००० ची वस्तू पोर्चमध्ये पडून राहील. आणि मूळचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन अजून कुणी उघडूनही पाहिलेलं नाही! कदाचित हेड, नोझल आणि डिझेल पंपाच्या कामावर ते उठेल.

विमाही यादीत नाही. १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ पासूनच्या दराने वर्षाला ७,८९७ अधिक जीएसटी. न कळवलेल्या बदलांवर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते, हेही धरून चाला.

तर मी काय करीन? उरणाऱ्या ८,५०० मधले ६,००० दरमहा वेगळ्या खात्यात टाकीन, २,५०० घराला मोकळे ठेवीन. दिवाळी बोनस तुम्ही ५५,००० लिहिलाय, त्यातला अर्धा जीपला. वर्षाला जवळजवळ एक लाख होतात, एसआयपी आणि एफडीला धक्का न लावता. पहिल्या वर्षाचे पैसे कागद, विमा, ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन सुरू करण्यात जातील. गाडी होती तशी चालती करून पास करून घ्यायची, बस. दुसऱ्या वर्षी पत्रा आणि रंग. टायर सगळ्यात शेवटी. चोरल एक पावसाळा उशिरा होईल. तसंही आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत भर पावसात मोठे टायर लावलेल्या गाड्याही रुततात.

आणि हे सगळं सुरू करायच्या आधी एक रविवार फुकटचा घालवा. लहान हातोडी घेऊन गाडीखाली झोपा आणि चेसिस टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा, विशेषतः पाट्यांचे हँगर आणि बॉडी जिथे बसते ते कोपरे. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर तिथे पेचकस लावून दाबा. तो आत गेला तर तुमचा चार लाखांचा अंदाज तिथेच संपला. मग मला पुन्हा लिहा, तेव्हाचं उत्तर वेगळं असेल, कदाचित विकून टाकण्याचंही. गाडी उचलाल तेव्हा विटांवर ठेवू नका. चांगले जॅक स्टँड सियागंजातून आणा, हत्यारांत तेवढी काटकसर नको.

विकण्यावरून आठवलं. तयार झाल्यावर सहा लाखांना जाईल, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. तो भाव धरून एक रुपयाही खर्च करू नका. कागदपत्रं चोख असलेल्या, मूळ इंजिनाच्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं. आरसीशी न जुळणारी गाडी कितीही देखणी असली तरी घेणारा नाव चढवायच्या वेळी माघार घेतो.

वहिनींना हा कागद दाखवा, दरमहा ६,००० चा आकडा त्यांच्यासमोर ठरवा. ताई दिवाळीला येणार आहेत असं तुम्ही लिहिलंच आहे. संमतीपत्र टाइप करून तयार ठेवा, भाऊबीजेला सही घ्या.