पावसाळ्यात ग्रिग्नार्ड नको

(वाचकांच्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देताहेत कोकणातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एकवीस वर्षं सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवणारे प्राध्यापक.)

मुलगी केमिस्ट्रीच घेणार म्हणते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी आहे, पण तिथे संशोधन वगैरे काही होतं का? की कर्ज काढून पुण्याला पाठवू? – एक पालक, राजापूर

आधी आमची गरिबी सांगतो, म्हणजे नंतर बढाई मारायला मी मोकळा. आमच्याकडे एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखायचं यंत्र, नाही. पदार्थ तयार झाला की चिमूटभर बाटलीत भरून विद्यापीठात पाठवायचा, नमुन्यामागे पैसे भरायचे आणि वाट बघत बसायचं. नळाचं पाणी दुपारी जातं, म्हणून कंडेन्सरला (वाफ गार करणाऱ्या नळीला) कूलरचा पंप जोडून तो बादलीत सोडलाय. बादलीतला बर्फ मासळीबाजारातून येतो. वास येतो, पण काचेच्या आत शिरत नाही.

खरा वैरी पाऊस. जुलैत बशीत कॅल्शियम क्लोराइड ठेवलं तर संध्याकाळी बशीत पाणीच. ग्रिग्नार्ड अभिक्रियेला (मॅग्नेशियम वापरून कार्बनला कार्बन जोडायची रीत) पाण्याचा थेंब खपत नाही, त्यामुळे तिचा मुहूर्त आमच्याकडे जानेवारीत. मग पावसाळ्यात हातावर हात धरून बसायचं का? आम्ही चाल्कोन नावाचं संयुग करतो. पॅरा-क्लोरोबेंझाल्डिहाइड, असिटोफेनोन आणि कॉस्टिक सोडा खलात घालून घोटत राहायचं. आधी चिकट लगदा होतो, मग बघता बघता पिवळा पडून खलाला धरतो. द्रावक नाही, शेगडी नाही. आमचे शिपाईमामा दारातून डोकावून म्हणतात, "सर, पुरण झालं काय?" गार पाण्याने धुऊन अल्कोहोलमधून स्फटिक काढायचे आणि माल शुद्ध आहे का ते दाखवणारी टीएलसीची पट्टी जॅमच्या बाटलीत उभी करायची. एकच ठिपका दिसला की पोरं ओरडतात. तीन दिसले की मी ओरडतो.

यातून नोबेल मिळणार नाही. एकवीस वर्षांत माझे डझनभर पेपर झाले, त्यातले चार बरे आहेत. पण कॉलेजात राहून काहीच होत नाही, हेही खरं नाही. पुढे १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झालेले के. वेंकटरामन तरुणपणी लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत होते. फ्लेव्होन (वनस्पतींत सापडणारी संयुगं) बनवण्याच्या वाटेवरची जी बेकर-वेंकटरामन पुनर्रचना आम्ही एमएस्सीला शिकवतो, तिच्यावरचा त्यांचा पेपर १९३४चा, म्हणजे त्याच काळातला. आणि फ्लेव्होन काय, आमचा चाल्कोन काय, नात्यातलेच.

आता तुमचं बघू. प्रवेश घ्यायच्या आधी मुलीला घेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत जा. फ्यूम हूडचं, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचं, दार वर करून बघा. आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे निघाले तर खुशाल पुण्याला पाठवा. पंखा सुरू असेल आणि तिसऱ्या वर्षाची मुलं स्वतःच्या हाताने बाटल्या उघडत असतील तर कर्ज एमएस्सीसाठी राखून ठेवा.

प्रॅक्टिकलला मेल्टिंग पॉइंट पुस्तकापेक्षा कमी आला तर आला तसा लिहायचा का? आमच्याकडे सगळे पुस्तकातलाच लिहितात. – एक विद्यार्थी, चिपळूण

सगळे लिहितात हे मला ठाऊक आहे, बाळा. एकदा वीस जर्नलं तपासली, असिटॅनिलाइडची. एकोणीस जणांचा ११४, अगदी काटेकोर. तोही भर श्रावणात, जेव्हा फिल्टर पेपरवरचा माल दोन दिवस वाळत नव्हता. एका मुलीने लिहिलं होतं, "१०६ ते ११०, माल ओला असावा." तिला पैकीच्या पैकी दिले आणि एकोणीस जणांना पुन्हा मेल्टिंग पॉइंट मोजायच्या थिले ट्यूबपुढे बसवलं. चार दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

आकडा पडतो तेव्हा पदार्थ काहीतरी सांगत असतो. सरांना विचारून हे करून बघ: युरिया आणि सिनॅमिक ॲसिड, दोन्ही १३३च्या आसपास वितळतात. दोन्ही चिमूट चिमूट घेऊन एकत्र घोट आणि केशनळीत भर. मिश्रण १३३ची वाट न बघता कितीतरी आधीच ओलं होऊन खचायला लागेल. भेसळ पकडायची ही जुनी युक्ती आहे. पुस्तकातला आकडा लिहिणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. तेव्हा आला तसाच लिही, आणि शेजारी "सुरू झाला" आणि "संपला" असे दोन आकडे लिही. एकच आकडा लिहिणाऱ्याचा मला आधीच संशय येतो.

पांढऱ्या शर्टावर हळदीचा डाग पडला, साबण लावला तर लालभडक झाला! शर्ट गेला का? – एक वाचक, कुडाळ

नाही गेला. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं आणि साबण अल्कलीच. हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते याच गुणावर. वर लिंबू पिळा, डाग परत पिवळा होईल. मग धुऊन कडक उन्हात टाका, कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. जुलैत कोकणात ऊन कुठून आणायचं, ते मात्र मला विचारू नका. माझा स्वतःचा शर्ट पंधरवडाभर दोरीवर आहे.